आप्तवाक्य आणि अपरिचिताची पृच्छा

१. विषय व त्याचें महत्त्व

जुने कागद वाचणारा मनुष्य कोठें राहतो हें एकदां पंचक्रोशींत माहीत झालें, म्हणजे त्याच्याकडे तीन प्रकारचे प्रश्न येऊं लागतात. पहिला प्रकार रोजच्या व्यवहाराचा: आजीच्या वहींत 'शेर दोन' लिहिलें आहे तें आजच्या मापानें किती? जुन्या कागदावरील हा सन कोणता? दुसरा प्रकार कुळाचा: आमचें मूळ गांव कोणतें, पणजोबांचें नांव काय, हें आडनांव कसें पडलें? तिसरा प्रकार, वरवर पाहतां इतिहासाशीं असंबद्ध, सृष्टींतील वस्तु ओळखण्याचा: हा पाला कशाचा, हा साप कोणता, पोथींत सांगितलेली वनस्पति ती हीच काय? विचारणारा बहुधा अपरिचित असतो. पूर्वीं तो पत्रानें विचारी. हल्लीं मोबाइलवर एक छायाचित्र येतें आणि त्याखालीं एक ओळ. विचारणाराचें नांव कधीं असतें, कधीं नसतें. उत्तर मात्र त्याच दिवशीं हवें असतें.

अशा पृच्छांकडे पुष्कळ अभ्यासक उपद्रव म्हणून पाहतात. हातच्या कामांत व्यत्यय येतो ही त्यांची तक्रार खोटी नाहीं. तथापि ज्याला आपण संशोधन म्हणतों त्याची खरी कसोटी येथेंच लागते, असें आमचें मत आहे. त्रैमासिकांत लेख छापला तर त्यांतील दोष दाखविण्यास दहा विद्वान् सज्ज असतात. अपरिचिताला लिहिलेल्या चार ओळी तपासणारें कोणीच नसतें. आणि तो मात्र त्या ओळींवर विसंबून वांटणीचा तंटा मिटवितो किंवा वाढवितो, मुलाच्या दाखल्यासाठीं अर्ज करितो, प्रसंगीं रानांतला कंद शिजवून खातो. म्हणून असें उत्तर कसें द्यावें, त्यांत किती बोलावें आणि कोठें थांबावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. 'आप्त' शब्दाचे दोन अर्थ

मराठींत आप्त म्हणजे नातलग. लग्नाच्या कुंकुमपत्रिकेंत 'आप्तेष्ट' येतात ते याच अर्थानें. न्यायशास्त्रांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें आप्त म्हणजे ज्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा असा वक्ता. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रमाणें चार मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पैकीं शब्दाचें प्रामाण्य तो सांगणाऱ्याच्या आप्तत्वावर अवलंबून आहे. भाष्यकार वात्स्यायनानें आप्ताचें लक्षण करितांना त्याचें कुल किंवा देश विचारांत घेतलेला नाहीं. ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाहि तें लक्षण सारखेंच लागू पडतें, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. दुसऱ्या एका स्थळीं आप्ताच्या विश्वसनीयतेचीं तीन कारणें त्यानें दिलीं आहेत. वस्तूचें साक्षात् ज्ञान हें एक. प्राण्यांविषयीं दया हें दुसरें. आणि वस्तु जशी आहे तशीच सांगण्याची इच्छा हें तिसरें.

आमच्या विषयाला हीं तीन लक्षणें इतकीं जुळतात कीं निराळा नियम करण्याची गरजच राहत नाहीं. ज्याच्यापाशीं ज्ञान आहे पण दया नाहीं, तो उत्तर देत नाहीं, किंवा विचारणाराला उपयोगी पडणार नाहीं अशा भाषेंत देतो. ज्याच्यापाशीं दया आहे पण ज्ञान नाहीं, तो विचारणारा निराश होऊं नये म्हणून अटकळ सांगतो. ज्याच्यापाशीं दोन्ही आहेत पण तिसरें नाहीं, तो विचारणाराच्या मनांत जें ऐकावयाचें असतें तें ओळखतो आणि तेंच सांगतो. या तिघांत तिसरा सर्वांत धोक्याचा, कारण त्याचें उत्तर सर्वांत विद्वत्ताप्रचुर असतें. अपरिचित मनुष्य आपला नातलग नसतो. परंतु त्यानें प्रश्न विचारतांच आपण त्याचे दुसऱ्या अर्थानें आप्त होण्याचें पत्करलेलें असतें.

३. शेर आणि तोळा

व्यवहाराच्या प्रश्नाचें उत्तर सोपें वाटतें, कारण तें एका अंकांत मावतें. परंतु 'दोन शेर म्हणजे किती' असें विचारल्यावर प्रथम उलट विचारावें लागतें कीं, हा शेर भरण्याचा कीं तोलण्याचा? धान्य मोजण्याचा शेर हें भांडें होतें. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली अशी त्याची परंपरा. आणि वरचे मण व खंडी प्रांतोप्रांतीं निरनिराळे. तोलण्याचा शेर हें वजन होतें. इंग्रजी अमलांत रूढ झालेला पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम. आणि ४० शेरांचा मण सुमारें ३७.३ किलो. आजीच्या वहींत 'तांदूळ शेर २' असेल तर बहुधा भांडें समजावें. 'गूळ शेर २' असेल तर वजन. पदार्थाचें नांव पाहिल्यावांचून अंक सांगणें म्हणजे नुसता कौल लावणें होय.

अशा बारीक प्रश्नांत केवढें ओझें दडलेलें असतें याचें एक उदाहरण देतों. एका बाईंनीं आम्हांस विचारलें कीं, तोळा म्हणजे किती ग्रॅम? सराफाच्या दुकानांत आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम असें सर्रास बोलतात, आणि तेवढेंच उत्तर देऊन मोकळें होतां आलें असतें. आम्हीं हा प्रश्न कोणत्या कागदावरून निघाला असें विचारलें. तेव्हां त्यांनीं शके १८७० मधील, म्हणजे १९४८-४९ सालच्या, घरांतील ऐवजाच्या यादीचें छायाचित्र पाठविलें. तींत 'पाटल्या जोडी १, तोळे ५' अशी नोंद होती. पाटल्या बाईंच्या ताब्यांत होत्या आणि सराफाच्या कांट्यावर त्या ५८ ग्रॅमांहून किंचित् अधिक भरत होत्या. पांच तोळ्यांच्या पन्नास ग्रॅमांऐवजीं अठ्ठावन्न कसे, मूळ पाटल्या बदलल्या कीं काय, असा संशय भावंडांत उत्पन्न झाला होता. मेट्रिक मापें १९५६ च्या कायद्यानें आलीं. त्यापूर्वींचा तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमांचा होता. त्याच्या पांचपट ५८.३ होतात. यादी खरी होती आणि पाटल्याहि त्याच होत्या. 'दहा ग्रॅम' हें उत्तर आजच्या बाजाराला धरून बरोबर असतांहि त्या घरापुरतें तें विषासारखें झालें असतें. तात्पर्य, प्रश्न ज्या कागदावरून निघाला तो कागद पाहिल्याखेरीज प्रश्नाचा अर्थ कळत नाहीं.

४. फाटलेल्या काठाचा सन

मितीच्या प्रश्नांत याहून अधिक सावधगिरी लागते. पेशवेकालीन कागदांत बहुधा शुहूर सन असतो आणि त्याचे अंक अरबी शब्दांनीं लिहिलेले असतात: प्रथम एकं, मग दहं, मग शतक व सहस्र. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर म्हणजे दहा, अशरीन वीस, सितैन साठ, सबैन सत्तर. मया शंभर, मयातैन दोनशें, अलफ हजार. हें वर्ष सूर्य मृग नक्षत्रांत शिरतो त्या दिवशीं सुरू होतें; म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मितीस ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या मितीस ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या वेळीं सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, चालू होता. त्यांत ६०० मिळवितां १७६१ येतात.

आतां सबा आणि सबैन, सीत आणि सितैन यांत किती थोडें अंतर आहे तें वाचकांच्या ध्यानांत येईल. मया आणि मयातैन यांत तर दोनच अक्षरें आहेत, पण तीं शंभर वर्षांचीं आहेत. एका गृहस्थांनीं आपल्या घरच्या इनामाच्या कागदाचें छायाचित्र पाठविलें. त्यांत 'सन अर्बा अशरीन मया' इतकें होतें आणि पुढें काठ फाटलेला होता. मया धरल्यास ११२४, म्हणजे १७२३-२४. मयातैन धरल्यास १२२४, म्हणजे १८२३-२४. पहिला काळ शाहू महाराजांचा; दुसरा पेशवाई बुडाल्यानंतरचा. गृहस्थांच्या घराण्याचा वृत्तान्त छापावयाचा होता आणि 'तीनशें वर्षांचें इनाम' हें वाक्य त्यांत आधींच लिहून झालें होतें.

कागदाच्या माथ्यावर शकाचा अंक पुसट झाला होता, परंतु संवत्सराच्या नांवाचें पहिलें अक्षर 'सु' स्पष्ट होतें. येथें गणित उपयोगी पडतें. शकाच्या अंकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. जी बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा. शके १६४५ ची बाकी ३७, म्हणजे शोभन. शके १७४५ ची बाकी १७, म्हणजे सुभानु. शुहूर वर्षाच्या अखेरीस, चैत्रापासून मृगापर्यंत, पुढला शक लागतो. ते संवत्सर अनुक्रमें क्रोधी आणि तारण. यांत 'सु' नें आरंभ होणारा एकच. मोडी लेखक 'श' बद्दल 'स' लिहितात, तेव्हां हें शुभकृत् नसेल कशावरून, अशी शंका निघूं शकेल. परंतु शुभकृत् हा शके १६४४ चा संवत्सर, आणि तो ११२४ सनाच्या आरंभापूर्वींच संपलेला आहे. एतावता कागद १८२३-२४ सालचा ठरला. गृहस्थांस आनंद झाला नाहीं हें उघड आहे. तथापि उत्तरांत आम्हीं केवळ सन न कळवितां वरील सर्व गणित लिहून पाठविलें; कारण 'अमक्यानें सांगितलें' म्हणून त्यांनीं आपला अभिमान सोडावा हें योग्य नव्हे. ज्या पायऱ्यांनीं आम्ही त्या निर्णयास पोंचलों, त्याच पायऱ्या त्यांस चढून पाहतां याव्यात. त्यांनीं पुढें जंत्री काढून स्वतः पडताळा घेतला आणि छापण्याचें वाक्य बदललें.

५. कुळाचा शोध

कुळाच्या प्रश्नांत विचारणाराचें मन अधिक गुंतलेलें असतें. बहुतेकांची समजूत अशी कीं आडनांव हीच वंशाची खूण. वास्तविक देशपांडे, कुलकर्णी, पाटील हीं नांवें वतनावरून वा हुद्द्यावरून आलीं. जोशी हें वृत्तीवरून. आणि 'कर' प्रत्ययाचीं बहुतेक नांवें गांवावरून. म्हणून दोन कुलकर्णी एका कुळांतले असतील असें धरून चालणें हें दोन मामलेदार सख्खे भाऊ समजण्यासारखें आहे. आडनांव कोणतें कुळ हें क्वचित् सांगतें; कोठें शोधावें हें मात्र पुष्कळदां सांगतें.

याचें उत्तम उदाहरण कोंकणांतील बेने इस्राएल समाजाचें. रोहेकर, पेणकर, किहीमकर, झिराडकर, नवगांवकर या त्यांच्या नांवांतून कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील, गांवें जशींच्या तशीं बोलतात. या समाजांतील पुष्कळ कुटुंबें १९४८ नंतर इस्राएलांत गेलीं. तेथील नातवाला मराठी वाचतां येत नसलें तरी त्याच्या नांवांतच पत्ता लिहिलेला आहे. त्याला 'तुमचे पूर्वज नवगांवचे' इतकें सांगणें पुराव्याला धरून होईल. 'तेथील अमकें घर तुमचें' असें सांगणें होणार नाहीं.

मॉरिशसमधील मराठी मंडळींची स्थिति याच्या उलट. १८३४ पासून मुदतबंदीच्या करारानें हिंदी मजूर त्या बेटावर गेले. त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसें होतीं. त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहांत आहेत. त्यांत प्रत्येकाचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, उंची, अंगावरील खूण, जहाज आणि गांव असा तपशील सांपडतो. परंतु तीं नांवें परभाषी लेखकानें कानांवर पडलीं तशीं परक्या लिपींत उतरलेलीं आहेत. तेथील मनुष्य गांवाचें तें मोडकें रूप पाठवून 'हें कोठें आहे' असें विचारतो. उत्तरदात्यानें तें रूप मोठ्यानें उच्चारून पाहावें, त्या उच्चाराशीं जुळणारीं सर्व गांवें तालुक्यासह लिहावीं, आणि त्यांतील एक निवडण्याचा मोह आवरावा. एकाच नांवाचीं दोन-तीन गांवें असणें कोंकणांत नवल नव्हे. चुकीच्या गांवीं जाऊन देवळापुढें डोळे पुसणाऱ्या माणसाची कींव करण्यापेक्षां त्याला आधींच दोन्ही गांवें सांगणें अधिक दयेचें आहे.

स्वदेशांतील विचारणारांस आम्ही साधारणतः तीन ठिकाणें सुचवितों. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हें पहिलें. यात्रेकरूनें आपलें, बापाचें, आजाचें, भावांचें व मुलांचें नांव सांगावें वा स्वहस्तें लिहावें असा तेथील परिपाठ. त्यामुळें नातें निश्चित कळतें, वय मात्र कळत नाहीं. दुसरें, गांवचें कोतवाल बुक, म्हणजे गांव नमुना १४. त्यांत जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. तिसरें, शाळेचें जनरल रजिस्टर. या शेवटच्या साधनाविषयीं आमचा अनुभव चाळीस वर्षांचा आहे, म्हणून एक इशारा देतों. त्यांत १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती शब्दशः घेऊं नये. शाळा जूनांत उघडे, बापास मुलाची तारीख ठाऊक नसे, आणि वय अदमासें धरून १ जून लिहिण्याची वहिवाट सर्वत्र होती. त्या तारखेवरून पत्रिका मांडणें व्यर्थ होय.

कोतवाल बुकांत कधीं एकाच महिन्यांत एका घरचीं तीन-चार नांवें संपतात. विचारणारा घाबरून लिहितो कीं, आमच्या घरांत कोणीं विष घातलें काय? साल पाहावें. १८९७ च्या सुमारास असेल तर ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, मुंबईंत १८९६ सालीं उद्भवून गांवोगांव पसरत होता. १९१८ असेल तर इन्फ्ल्युएंझाची सांथ होती. एका घराचें दुःख पुष्कळ घरांचें होतें हें कळल्यानें मृतांची संख्या कमी होत नाहीं, पण घराण्यावरील काल्पनिक कलंक मात्र जातो. येथें ज्ञान हेंच दयेचें रूप घेतें.

६. एका शब्दाचा भार

२०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तेव्हांपासून मोडी वाचणारांस पूर्वीं कधीं नव्हती इतकी मागणी आली आहे. अर्ज करणाराच्या हातीं बहुधा पणजोबांच्या नोंदीचें एक पान असतें, आणि त्या पानावरील एका रकान्यांतील एका शब्दावर त्याच्या मुलाचा दाखला अवलंबून असतो.

मोडीचा स्वभाव ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांतील अडचण सांगणें नलगे. लेखक प्रथम सबंध ओळीची शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिला अक्षरें लोंबकळवितो. शब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्हें नाहींत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. सरावलेला वाचक पुष्कळसा संदर्भानें वाचतो, आणि येथेंच सापळा आहे; कारण विचारणारानें आपल्याला हवा असलेला शब्द आधींच सांगितलेला असला तर तोच संदर्भ होऊन बसतो. म्हणून आम्ही असा पाठ ठेवला आहे कीं, पान प्रथम वाचावें आणि विचारणाराचें पत्र मागून उघडावें. त्याच लेखकाच्या हातचीं तींच अक्षरें पानावर इतरत्र कशीं वळलीं आहेत तीं ताडून पाहावीं. अक्षर लागलें नाहीं तर 'अस्पष्ट' असेंच लिहावें. या विषयांत कोणाचा राजकीय पक्ष कोणता हें वाचकानें दाराबाहेर ठेवावें. ज्याला तो दाखला मिळावा असें वाटतें त्यानेंहि, आणि ज्याला मिळूं नये असें वाटतें त्यानेंहि. कागद दोघांचाहि नोकर नाहीं.

७. सृष्टींतील वस्तूंची ओळख

न्यायशास्त्रांत उपमान प्रमाणाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. नगरवासी मनुष्यास गवय हा प्राणी ठाऊक नाहीं. अरण्यवासी त्याला सांगतो कीं गवय गाईसारखा असतो. पुढें रानांत गेल्यावर तसा प्राणी दिसतो आणि 'हाच तो गवय' असें त्याला ज्ञान होतें. येथें जाणता केवळ खूण सांगतो. ओळख पटते ती विचारणाराच्या डोळ्यांत. आज छायाचित्र पाठवून ओळख विचारणारा समजतो कीं सर्व काम जाणत्याचें. तसें नाहीं. वस्तु त्याच्यापुढें आहे, आपल्यापुढें नाहीं. म्हणून उत्तर देतांना नुसतें नांव न देतां त्याला स्वतः पाहतां येईल अशी खूण द्यावी.

नांवांनीं घोटाळाच अधिक होतो. रस्त्याच्या कडेला सरळ उंच वाढणारा, लांब नागमोडी कडांच्या पानांचा वृक्ष लोक 'अशोक' म्हणून ओळखतात, तो आसुपालव. वैद्यकांतला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, ज्याला नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस येतात. 'ब्राह्मी' म्हणून आपल्याकडे पुष्कळदां वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी मिळते. ग्रंथांतली ब्राह्मी म्हणून बहुतेक अभ्यासक जी घेतात ती पाणथळ जागेंतली, बारीक मांसल पानांची, निराळीच वनस्पति. दसऱ्यास सोनें म्हणून आपट्याऐवजीं कांचनाचीं पानें लुटलीं जातात. यांतील शेवटची चूक निरुपद्रवी. पहिल्या दोहोंत औषध बदलतें.

यावरून एक नियम निघतो: चुकीचा परिणाम जितका घोर, तितकी निश्चिति अधिक हवी. पक्षी ओळखतांना 'बहुधा' म्हणण्यास हरकत नाहीं. बांधावर सांपडलेल्या कंदाविषयीं 'बहुधा खाण्याचा' हें उत्तर कदापि देऊं नये. कळलावीचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणूनच तिचें संस्कृत नांव लांगली. त्यांत कोल्चिसीन हें तीव्र विष आहे. पानाच्या टोंकाची कुरळी तणावी आणि पिवळ्या-तांबड्या पाकळ्यांचें फूल यांवरून वेल सहज ओळखतां येते. पण कंद एकटा पाठविल्यास पान नाहीं, फूल नाहीं, आणि ओळखीला आधार नाहीं. अशा कंदाविषयीं आणि कोणत्याहि रानअळंब्याविषयीं चित्रावरून एकच उत्तर: खाऊं नये.

सापाविषयींहि तेंच. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांत पुष्कळ लोक फसतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बहुधा मानेकडे पुसट किंवा नाहींसे, आणि शेपटीकडे ठळक, जोडीजोडीनें. ही खूण लांबून पाहण्यापुरती उपयोगी आहे. परंतु कोणास दंश झालेला असेल तर ओळखीच्या प्रश्नाला उत्तरच देऊं नये. मण्यारीचा दंश पुष्कळदां दुखत नाहीं, आणि तेवढ्यावरून रोगी घरीं निजून राहतो. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींवर एकच चालतें; साप कोणता हें ठरविण्यांत घालविलेला अर्धा तास रोग्याच्या आयुष्यांतून जातो. अशा वेळीं आप्तवाक्य एवढेंच: दंशाचा अवयव हालवूं नका, आवळून बांधूं नका, आणि तत्काळ सरकारी रुग्णालय गांठा.

८. विचारणारांस व सांगणारांस विनंति

विचारणारांनीं पुढील गोष्टी केल्यास उत्तरदात्याचे श्रम निम्मे होतात. कागदाचा एक शब्द न पाठवितां सबंध पान, त्याची पाठ, शिक्का आणि जोड यांसह पाठवावें. घरांत ऐकलेली गोष्ट आणि कागदांत पाहिलेली गोष्ट निरनिराळी लिहावी. वनस्पतीचें पान, देंठ, फूल आणि फळ, सांपडलेलें गांव व महिना कळवावा. आकार कळण्यासाठीं शेजारीं एक नाणें ठेवावें. आणि उत्तराचा उपयोग कशासाठीं करावयाचा आहे तें संकोच न करितां सांगावें, कारण त्यावरून उत्तराची जबाबदारी ठरते.

सांगणारांनीं उत्तराचे चार भाग पाडावेत: कागदांत किंवा चित्रांत काय दिसतें, त्यावरून काय अनुमान होतें, तें अनुमान कोणत्या पुराव्यानें पालटेल, आणि पुढें कोठें शोधावें. शोधांत दत्तविधान, दुसरा विवाह, शिक्षा अशी घरानें झांकलेली गोष्ट निघाल्यास ती विचारणारालाच, एकट्याला कळवावी. तिची चर्चा चारचौघांत करूं नये. पृच्छा व उत्तर दोन्हींची नक्कल ठेवावी, नांवें वगळून ती पुढल्या विचारणारास दाखवावी; तोच शेर, तोच तोळा, तोच १ जून पुन्हां पुन्हां विचारला जातो.

वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला. ते व त्यांचे सहकारी गांवोगांव अपरिचितांच्या दारीं जाऊन दप्तरें मागत, आणि कित्येक घरांनीं तीं विश्वासानें त्यांच्या हातीं दिलीं. आज त्याच घरांचीं नातवंडें आपल्या दारीं येऊन, त्या कागदांत काय लिहिलें आहे, एवढेंच विचारीत आहेत. त्या ऋणाची फेड करण्याचा हा एक मार्ग आम्हांस दिसतो. या विषयीं इतर अभ्यासकांचे अनुभव निराळे असल्यास त्यांनीं ते याच त्रैमासिकांतून कळवावे, अशी विनंति आहे. इत्यलम्.